जनुक वाढलं, की पेशी वाढल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक साठ्यातले जीएसई ५५२३५ आणि जीएसई ५५४५७ हे दोन मायक्रोॲरे संच (हजारो जनुकांची सक्रियता एकाच चिपवर मोजलेले) तुम्ही घेतलेत. ऑस्टिओआर्थ्रायटिस, ज्याला लोक सांध्यांची झीज म्हणतात, तो झालेल्या आणि निरोगी सांध्यांच्या अस्तराची, म्हणजे सायनोव्हियमची, तुलना केलीत. सायबरसॉर्ट, म्हणजे जनुकांच्या आकड्यांवरून ऊतीतल्या पेशींचे हिस्से काढणारी संगणकी पद्धत, चालवल्यावर मास्ट पेशी आणि एम-२ मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी वाढलेल्या दिसल्या आणि शेवटी सहा ‘हब’ जनुकं, म्हणजे इतर अनेक जनुकांशी जोडलेली जनुकं, हाती आली. आता प्रबंधात ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस हा झिजेचा नसून प्रतिकारशक्तीचा आजार आहे’ असं लिहावं का?

असं लिहू नका. प्रतिकारपेशींचा या आजारात मोठा वाटा आहे हे मात्र जरूर लिहा, कारण ते खरं आहे आणि ते लोकांना कळायला आपल्या क्षेत्राने फार उशीर केला आहे. या दोन विधानांत अंतर आहे. तुमच्या सहा जनुकांचा अर्थ काय लावायचा, हे त्या अंतरावरच ठरतं.

मी बावीस वर्षं सांधेदुखीचे रुग्ण तपासतो आणि जवळपास तितकीच वर्षं सांध्याच्या अस्तराचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. म्हणून आकड्यांकडे वळण्याआधी ते अस्तर दिसतं कसं, ते सांगतो. निरोगी अस्तर पातळ, फिकट आणि चकचकीत असतं. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत गुडघ्यातून निघालेलं अस्तर बर्फावरच्या डबीत येतं तेव्हा ते जागोजागी लालसर आणि जाडसर असतं. पाण्यात सोडलं की त्याच्यावरचे बारीक केसाळ तंतू शेवाळासारखे हलतात. छेद रंगवून पाहिला की सर्वांत वरचा थर, जो एक ते तीन पेशींचा असायला हवा, तो चार-पाच पेशींचा झालेला दिसतो. त्याच्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात आणि एखाददुसऱ्या वाहिनीभोवती लिम्फोसाइट पेशींचं गच्च कडं असतं. मग काच सरकवावी, तर बोटभर अंतरावर त्याच अस्तरात यातलं काहीही नसतं. सगळं शांत.

हे ठिगळांसारखं पसरलेलं रूप लक्षात ठेवा. सुरुवातीच्या काळात मी एका गुडघ्याचा एकच तुकडा पाहून ‘दाह नाही’ असा शेरा मारला होता. त्याच गुडघ्याच्या वाटीवरच्या कप्प्यातला दुसरा तुकडा पुढच्या आठवड्यात हाती आला आणि क्रेन गुणांकनावर, म्हणजे छेदातला दाह मोजण्याच्या पट्टीवर, त्याला नऊपैकी पाच गुण द्यावे लागले, म्हणजे तीव्र गटात. अहवाल दुरुस्त केला, पण तो तुकडा आलाच नसता तर चुकीचा शेरा तसाच राहिला असता. तेव्हापासून एका सांध्यातून वेगवेगळ्या जागांचे सहा तुकडे घेतल्याशिवाय मी मत देत नाही. तुमच्या संचांत प्रत्येक रुग्णामागे एक नमुना आहे. तो सांध्याच्या कुठल्या कोपऱ्यातून आला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

आता या आजारात प्रतिकारपेशी नेमकं करतात काय, ते पाहू. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिनी नसते आणि मज्जातंतूही नसतो. तिच्या आकारमानात पेशींचा हिस्सा जेमतेम काही टक्के. बाकी सगळी टाइप-२ कोलॅजनची जाळी आणि त्यात पाणी धरून ठेवणारं ॲग्रिकॅन. ही जाळी प्रौढपणी जवळजवळ बदलली जात नाही. तिच्यातलं कोलॅजन निम्मं बदलायला शंभरहून अधिक वर्षं लागतील, असा हिशोब निघाला आहे. त्यामुळे एकदा तुटलेली जाळी पुन्हा तशीच विणली जात नाही. तुटलेले तुकडे, म्हणजे फायब्रोनेक्टिनचे, हायलुरोननचे आणि ॲग्रिकॅनचे अवशेष, सांध्यातल्या द्रवात उतरतात आणि अस्तरापर्यंत पोहोचतात. तिथले मॅक्रोफेज टीएलआर-२, टीएलआर-४ यांसारख्या ग्राहकांमार्फत ते ओळखतात. जंतूंची चाहूल घेण्यासाठी असलेली यंत्रणा इथे आपल्याच शरीराच्या मोडतोडीवर जागी होते. मग इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ आणि सीसीएल-२ हे दाहाचे निरोप देणारे रेणू बाहेर पडतात. सीसीएल-२ रक्तातल्या मोनोसाइट पेशींना आत बोलावतं. शेजारचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे अस्तराचे तंतू विणणाऱ्या पेशी, चेततात आणि कूर्चा कापणारी विकरं सोडतात. कूर्चेचे आणखी तुकडे पडतात. पूरक प्रथिनांची साखळीही, जिला आपण कॉम्प्लिमेंट म्हणतो, याच फेऱ्यात ओढली जाते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने दाखवलं, की तिचे काही घटक नसलेल्या उंदरांत सांध्याचं नुकसान कमी होतं.

म्हणजे इथला दाह मोडतोडीतून सुरू होतो आणि तीच मोडतोड वाढवतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या दुसऱ्या सांधेआजारात प्रतिकारशक्तीचा स्वतःबद्दलचा गैरसमज आधी येतो, रक्तात प्रतिपिंडं कित्येकदा सांधा सुजण्याच्या वर्षानुवर्षं आधी सापडतात आणि सांधा नंतर बिघडतो. सुईने काढलेल्या द्रवातही हा फरक दिसतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये पांढऱ्या पेशी बहुधा घनमिलिमीटरला दोन हजारांच्या आत राहतात, तर ऱ्हुमॅटॉइडच्या सुजलेल्या सांध्यात त्या त्याच्या कित्येक पट होतात. तुमचं ‘प्रतिकारशक्तीचा आजार’ हे विधान नेमकं इथेच अडतं.

या फेऱ्यातलं मुख्य पात्र मॅक्रोफेज आहे, असं माझं ठाम मत आहे. २००६ मधला एक प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या अस्तरातल्या पेशी सुट्या केल्या आणि त्यातून सीडी-१४ वाहणारे मॅक्रोफेज चुंबकी मण्यांनी उचलून बाजूला काढले. या पेशी वाढवलेल्या बश्यांमधलं टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ जवळजवळ नाहीसं झालं. हे अपेक्षितच होतं. पण मागे राहिलेल्या फायब्रोब्लास्टनी तयार केलेलं इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ आणि कापणारी विकरंसुद्धा बरीच घटली. म्हणजे फायब्रोब्लास्टना चेतवणारा आवाज मॅक्रोफेजचाच होता. पुढे २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या गटाने चेतलेल्या मॅक्रोफेजवरच्या फोलेट-ग्राहकाला चिकटणारा किरणोत्सारी खूणद्रव्याचा रेणू वापरून जिवंत रुग्णांचे गुडघे पाहिले. ७६ टक्के गुडघ्यांत असे मॅक्रोफेज सापडले आणि त्यांचा संबंध वेदनेच्या तीव्रतेशी दिसला. एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसत नाही, ही तक्रार आपण रोज ऐकतो. हाडांच्या चित्रापेक्षा अस्तराकडे पाहिलं तर त्या तक्रारीतला काही भाग उलगडतो.

पण ‘मॅक्रोफेज’ हा शब्द एकच असला तरी पेशी एक नाहीत. २०१९ मध्ये उंदरांवर दिसून आलं, की अस्तराच्या अगदी वरच्या थरात सीएक्स-३-सीआर-१ वाहणारे स्थानिक मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट बिलगून भिंत बांधतात आणि सांध्याच्या पोकळीचं रक्षण करतात. ती भिंत फुटली की दाह वाढतो. रक्तातून नंतर आलेले मोनोसाइट वेगळे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदणारे हे वेगळे. त्याच वर्षी माणसाच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या अस्तरातून मॅक्रोफेज वेगळे काढून त्यांचं आरएनए वाचलं, तेव्हा रुग्णांचे दोन गट पडले. एका गटातले मॅक्रोफेज ऱ्हुमॅटॉइडच्या मॅक्रोफेजसारखे, विभाजन करत वाढणारे. दुसऱ्या गटातले तसे नव्हते. आजाराचं नाव दोन्हीकडे एकच! म्हणून ‘एम-२ वाढले’ हे वाक्य मला अस्वस्थ करतं. एम-१ आणि एम-२ ही बशीत वाढवलेल्या पेशींची नावं आहेत. अस्तरातला मॅक्रोफेज एकाच वेळी दोन्हींच्या खुणा बाळगून असतो.

आता तुमच्या विश्लेषणाकडे येतो, आणि इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे आणि परीक्षक म्हणून शेकड्याने पाहिली आहे.

एक साधा हिशोब मांडा. अस्तराच्या एका तुकड्यात १०० पेशी आहेत आणि त्यात १० मॅक्रोफेज. प्रत्येक मॅक्रोफेज सीडी-१६३ या जनुकाच्या आरएनएच्या ५० प्रती तयार करतो, म्हणजे एकूण ५००. दुसऱ्या तुकड्यातही १०० पेशी, पण मॅक्रोफेज २०. प्रत्येकाच्या प्रती तितक्याच, ५०. एकूण १०००. दोन्ही तुकडे दळून, आरएनए काढून चिपवर टाकले, की उत्तर येतं: जनुक दुप्पट वाढलं. प्रत्यक्षात एकाही पेशीने आपल्या वागण्यात बदल केलेला नाही. फक्त पेशींची संख्या बदलली आहे. आता उलट बाजू पाहा. शंभरातल्या पाचच पेशींनी एखादं जनुक दहापट वाढवलं आणि उरलेल्या ९५ जणींनी ते जवळजवळ निम्म्यावर आणलं, तर सरासरीत काहीच दिसणार नाही. ज्या पाच पेशी आजार पुढे ढकलत होत्या, त्या यादीतून गळल्या.

आम्ही एकदा ‘ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये एफएबीपी-४ आणि पेरिलिपिन-१ लक्षणीय घटलेले’ असा निष्कर्ष काढून चयापचयाच्या मोठ्या कल्पना मांडू लागलो होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या तंत्रज्ञ ताईंनी उरलेल्या तुकड्यांचे छेद आणून टेबलावर ठेवले. निरोगी नमुन्यांत अस्तराखालच्या चरबीचे मोठाले पांढरे गोल पसरले होते. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या अस्तरात तीच जागा तंतुमय झालेली, आणि काही ठिकाणी सुरीने चरबी कापलीच गेली नव्हती. ही दोन्ही जनुकं चरबीच्या पेशींची. आम्ही चयापचय मोजत होतो असं आम्हाला वाटलं. मोजत होतो सुरीची खोली. तुमच्या यादीत एफएबीपी-४, पेरिलिपिन-१ किंवा ॲडिपोनेक्टिन असेल तर आधी हे तपासा.

दुसरी एक जनुकांची टोळी आहे: फॉस, जून, एटीएफ-३, ईजीआर-१. या संचांवरच्या ‘हब’ याद्यांत ती हमखास भेटते, तीही बहुधा ‘आजारात घटलेली’ म्हणून. ही जनुकं कुठल्याही धक्क्याला काही मिनिटांत उसळतात: दुखापत, रक्तपुरवठा तुटणं, ऊती उबेत राहणं. तुमच्या तुलनेतले ‘निरोगी’ नमुने कुठून आले ते संचाच्या वर्णनात वाचा. ते दुखापत झालेल्या किंवा मृत्यूनंतर उघडलेल्या सांध्यांतले आहेत. ऑस्टिओआर्थ्रायटिसचे नमुने मात्र ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतले. तेव्हा ‘फॉस घटलं’ याचा जास्त संभाव्य अर्थ असा, की निरोगी गटात ते उसळलेलं होतं. ही चार नावं तुमच्या सहांत असतील, तर ती आजाराबद्दल फारसं काही सांगत नाहीत असं मी म्हणेन.

सायबरसॉर्टबद्दल. २०१५ मध्ये आलेली ती पद्धत हुशार आहे, मला ती आवडते. पण तिच्या एलएम-२२ या संदर्भसंचात ५४७ जनुकांवरून २२ प्रकारच्या पेशी ओळखल्या जातात, आणि त्या जवळजवळ सगळ्या रक्तातल्या किंवा रक्तपेशींपासून बशीत घडवलेल्या. त्यात फायब्रोब्लास्ट नाही, रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी नाही, चरबीची पेशी नाही. आणि सांध्याच्या अस्तरात बहुसंख्य तर याच. शिवाय उत्तर हिश्शांत येतं आणि सगळ्या हिश्शांची बेरीज एक होते. म्हणजे टी पेशी घटल्या तरी मास्ट पेशींचा हिस्सा फुगतो, त्यांची खरी संख्या जागेवरच असली तरी.

आरओसी आलेखांवर, म्हणजे एखादं जनुक आजारी आणि निरोगी नमुने किती अचूक वेगळे करतं ते दाखवणाऱ्या आलेखांवर, प्रबंधाची पानं खर्च करू नका. एका गटात १० आणि दुसऱ्यात १० नमुने आणि वीसेक हजार जनुकं, अशा स्थितीत ०.९ च्या वर क्षेत्रफळ (१ म्हणजे पूर्ण अचूक) देणारी जनुकं ढिगाने निघतात. आणि ऑस्टिओआर्थ्रायटिसचं निदान करायला कुणी अस्तराचा तुकडा काढत नाही. ते तपासणीने आणि एक्स-रेने होतं. रुग्णाला हवं असतं ते वेगळंच. कुणाचा गुडघा पाच वर्षांत जाईल आणि कुणाचा वीस वर्षं टिकेल, हे सांगणारी खूण आपल्याकडे नाही. शेवटच्या टप्प्यात, सांधा बदलताना काढलेल्या नमुन्यांतून ती मिळणं अवघड आहे.

कूर्चेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं लिहितो. तिथे जनुकांची गोष्ट जास्त स्वच्छ आहे, कारण पेशींचा प्रकार मुळात एकच. कोलॅजन कापणारं एमएमपी-१३ वाढतं, ॲग्रिकॅन कापणारी एडॅम्ट्स-४ आणि ५ कामाला लागतात, कूर्चा घडवणारं एसओएक्स-९ मंदावतं, आणि काही पेशी वाढीच्या पट्टीतल्या पेशींसारख्या फुगून कोलॅजन-१० बनवू लागतात. एडॅम्ट्स-५ नसलेल्या उंदरांची कूर्चा वाचते, हे २००५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. पण त्याच विकराला रोखणारं औषध माणसांत कूर्चेची झीज थांबवू शकलं नाही. जन्मजात जनुकीय फरकांचा अभ्यासही मोठा झाला आहे: २०२१ मध्ये ८ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून १०० फरक नक्की केले गेले. त्यांतले कित्येक सांध्याची आणि हाडाची घडण ठरवणाऱ्या जनुकांजवळ आहेत, उदाहरणार्थ जीडीएफ-५. ऱ्हुमॅटॉइडच्या यादीत प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा एचएलए भाग जसा ठळक उठून दिसतो, तसा इथे दिसत नाही. ‘प्रतिकारशक्तीचा आजार’ म्हणण्याविरुद्धचा हा मला सर्वांत वजनदार पुरावा वाटतो.

मग दाह रोखून रुग्णाला फायदा होतो का? औषधांच्या चाचण्यांतून मिळालेलं उत्तर सरळ नाही. इंटरल्युकिन-१ ची दोन्ही रूपं रोखणारं लुटिकिझुमॅब २०१९ मध्ये गुडघ्यावर फिकं पडलं. अस्तराचा दाहसुद्धा घटला नाही. हाताच्या सांध्यांवर टीएनएफ रोखणारं अडालिमुमॅबही निष्प्रभ ठरलं. दुसरीकडे, २०१९ मध्ये हाताच्या सुजलेल्या सांध्यांच्या रुग्णांना रोज १० मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन सहा आठवडे दिलं आणि वेदना स्पष्टपणे कमी झाली. २०२३ मध्ये एमआरआयवर अस्तराचा दाह दिसणाऱ्यांनाच निवडून आठवड्याला २० मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट दिलं, तेव्हा सहा महिन्यांत मध्यम फायदा दिसला. आणि कॅन्टोस ही हृदयरुग्णांवरची दहा हजारांची चाचणी: तिच्यात इंटरल्युकिन-१ बीटा रोखणारं कॅनाकिनुमॅब घेणाऱ्यांत गुडघा किंवा खुबा बदलण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. हे विश्लेषण मागाहून केलेलं आहे, चाचणी त्यासाठी आखलेली नव्हती. पण त्या सगळ्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारं प्रथिन, मुळातच वाढलेलं होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझी समजूत अशी, की दाह हा या आजाराचा सर्व रुग्णांत सारखा असलेला भाग नाही. ज्यांच्यात तो जोरात आहे ते ओळखता आले, तर यातली काही औषधं त्यांच्यासाठी खरंच कामाची ठरतील. अस्तराच्या जनुकांचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी, आणि तुम्ही तो सोडू नये असंही वाटतं.

तेव्हा पुढे असं करा. जीएसई ५५२३५ मध्ये ऱ्हुमॅटॉइडचेही १० नमुने आहेत. ते बाजूला टाकलेत, ते परत घ्या. तिन्ही गट समोर ठेवले की तुमच्या जनुकांपैकी कोणती दोन्ही आजारांत सारखी वागतात ते दिसेल. प्रत्येक नमुन्यात एक्सआयएसटी आणि आरपीएस-४-वाय-१ ही लिंग ओळखू देणारी जनुकं पाहून स्त्री-पुरुष पडताळा. नोंदीत चुका असतात, आणि दोन गटांत हे प्रमाण वेगळं असेल तर यादीवर त्याचा परिणाम होतो. वयाचंही तसंच. एलएम-२२ ऐवजी सांध्याच्या अस्तराच्या एकपेशीय, म्हणजे एकेका पेशीचं वेगळं वाचलेल्या, आरएनए माहितीवरून संदर्भसंच बनवा, ज्यात फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिनीच्या आणि चरबीच्या पेशी असतील. मग तुमचं प्रत्येक जनुक त्या एकपेशीय नकाशावर टाकून बघा: ते कुठल्या पेशीत बोलतं? फायब्रोब्लास्टबाबत आश्चर्य वाटायची तयारी ठेवा. २०२१ च्या एका अभ्यासात, गुडघ्याच्या दुखऱ्या जागेतले फायब्रोब्लास्ट आणि न दुखणाऱ्या जागेतले फायब्रोब्लास्ट यांची जनुकं वेगळी निघाली. दुखऱ्या जागेतल्यांच्या स्रावाने मज्जातंतूंच्या पेशींना धुमारे जास्त फुटले.

मास्ट पेशींचा तुमचा निष्कर्ष मी फेकून देणार नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या अस्तरात त्या ऱ्हुमॅटॉइडइतक्या, काही मोजण्यांत त्याहून जास्त सापडल्या आहेत, आणि २०१९ मध्ये मास्ट पेशी नसलेल्या उंदरांच्या कूर्चेचं नुकसान कमी झालेलंही दिसलं. पण सायबरसॉर्टच्या हिश्शावर तो उभा करू नका. तुमच्या विभागात सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतलं अस्तर मिळत असेल तर दहा रुग्णांचे, प्रत्येकी सहा जागांचे छेद घ्या आणि ट्रिप्टेज या मास्ट पेशींतल्या विकराचा रंग द्या. मास्ट पेशी तपकिरी ठिपक्यांसारख्या, बहुतेक रक्तवाहिन्यांच्या कडेने उभ्या दिसतील. प्रति चौरस मिलिमीटर मोजा, वरच्या थरातल्या वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या. ज्यांच्याभोवती कण सांडलेले आहेत त्यांची निराळी नोंद ठेवा. शेजारच्या छेदावर सीडी-६८ लावून मॅक्रोफेजही मोजा, आणि मोजणाऱ्याला कुठला छेद कुणाचा ते कळू देऊ नका. ही मोजणी हातात घेऊन मग त्या सहा जनुकांकडे परत या आणि पेशींची संख्या हिशोबात धरल्यावर त्यांतली किती उरतात ते पाहा.